तीस वर्षं न उघडलेलं इंजिन

पहिलं नवं बेरिंग मी स्वतःच्या हातानं खराब केलं, आणि तेही बेरिंग कसं बसवायचं हे पुरतं ठाऊक असताना.

बेळगावातल्या एका फाउंड्रीत मी तपासणीच्या खात्यात आहे. ओतून आलेल्या भागांत कुठं भेग आहे, कुठं हवा अडकून पोकळी राहिली आहे, वाळू कुठं चिकटली आहे, हे शोधून लाल खडूनं फुली मारायची, हे माझं काम. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर फुल्या मारल्या. त्या रविवारी घराच्या मागच्या पडवीत बसून मी जे केलं ते माझ्या खात्यातल्या कुणी केलं असतं, तर मी त्याला दिवसभर सुनावलं असतं.

ज्या जुन्या छोट्या इंजिनाबद्दल मी बोलतोय, त्याचा क्रँकशाफ्ट दोन्ही टोकांना बॉल बेरिंगवर फिरतो. बेरिंगची आतली कडी शाफ्टवर घट्ट बसते, बाहेरची कडी इंजिनाच्या पोटात तिच्यासाठी कोरलेल्या घरात बसते, आणि मधल्या गोळ्यांवर सगळा भार फिरतो. बेरिंग शाफ्टवर चढवायचं तर ते आधी तेलात तापवतात. तारेला लटकवून, भांड्याच्या तळाला टेकू न देता. पुरेसं तापलं की ते आपसूक शाफ्टवर सरकतं, बोटानं ढकलावं इतक्या सहज. ठोकायची पाळी आलीच तर मार फक्त आतल्या कडीवर. बाहेरच्या कडीवर मारलं तर तो मार गोळ्यांवर जातो आणि गोळ्या कडीत बारीक खड्डे पाडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण बेरिंग मेलेलं असतं.

माझं बेरिंग निम्म्यावर अडकलं. तेलातून काढल्यावर मी चिमटा शोधण्यात वेळ घालवला, तेवढ्यात ते निवलं. पुन्हा काढून पुन्हा तापवायला हवं होतं. पण इंजिन घरी आणून आठ महिने झाले होते आणि त्या दिवशी सकाळपासून तिसऱ्यांदा मी तेच करत होतो. हाताला पाइपचा एक तुकडा लागला. तो बाहेरच्या कडीवर बसतो आहे हे मला दिसत होतं. तरी मी हातोडा घेतला आणि तीन घाव घातले. बेरिंग बसलं. मी शाफ्ट हातानं फिरवला. गुळगुळीत फिरण्याऐवजी बोटांना बारीक खाचा लागल्या. एका फेऱ्यात सात-आठ वेळा.

बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "बसलं का?"

"बसलं."

"मग तोंड असं का?"

मी शाफ्टवर फडकं टाकलं. ते बेरिंग इंची मापाचं होतं. आता सगळीकडं मिलिमीटरची बेरिंगं मिळतात. खडेबाजारातल्या बेरिंगच्या दुकानात मी पहिल्यांदा नंबर सांगितला तेव्हा दुकानदार हसला होता. "इल्ला री, नाही मिळणार," तो म्हणाला, "हा नंबर माझ्या वडिलांच्या वेळचा. आता असलं कोण घालतं? मोटर घ्या, बटण दाबा." जवळच्या मापाचं मिलिमीटरमधलं दाखवलं, पण ते शाफ्टवर केसभर सैल होत होतं. त्याच्या मागं लागून, चार महिने वाट बघून जे बेरिंग आलं, ते मी तीन घावांत घालवलं.

शेजारीपाजारी विचारायचे, की हे काय करताय. मी म्हणायचो, छंद. जुनी इंजिनं दुरुस्त करणारे लोक असतात ना, तसं. लोकांना ते पटायचं. फाउंड्रीतला माणूस, त्याला लोखंडाचा नाद असायचाच. पण मला कसलाही नाद नव्हता. खरं सांगायचं तर मला त्या इंजिनाचा राग यायचा.

ते इंजिन आमच्या वडिलांचं. निपाणीजवळच्या आमच्या गावी ओढ्यातलं पाणी उपसून तंबाखू आणि मिरचीला द्यायला घेतलेलं. विलायती बनावटीचं, कुणाकडून तरी जुनं घेतलेलं. पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की रॉकेलवर टाकायचं. दोरी गुंडाळून ओढायची. टाकीचं आणि तेल घालायच्या भोकाचं टोपण पितळेचं होतं. वडिलांचा त्याच्यावर फार जीव.

त्या इंजिनाची देखभाल एक मेस्त्री करायचे. निपाणीत त्यांचं छोटं दुकान होतं, पण ते दुकानात कमी आणि शेतांवर जास्त असायचे. सायकलच्या कॅरियरला पेटी बांधून गावोगाव फिरायचे. आम्ही पोरं त्यांना मामा म्हणायचो. आमच्या आणि आसपासच्या पाच-सहा गावांतली बहुतेक इंजिनं त्यांच्या हाताखालून गेली होती. इंजिनाला कान लावून ते सांगायचे, "उजवीकडलं बेरिंग बोलाय लागलंय. दसऱ्याआधी बदलून घ्या."

मी वीस वर्षांचा असताना त्यांनी तसंच सांगितलं आणि वडिलांनी बदलून घेतलं. दोन्ही बेरिंगं नवी. त्यानंतर महिनाभरानं खंडेनवमी आली.

आमच्याकडं त्या दिवशी नांगर, कोयते, इंजिन, सगळं धुऊनपुसून पुजतात. मी तेव्हा बेळगावात आयटीआयला होतो, फिटरचा कोर्स. सुटीत आलो होतो आणि आपल्याला आता यंत्रातलं सगळं कळतं असं मला वाटत होतं. वडील म्हणाले, इंजिन तू चकचकीत कर. समई घासतात तसं पितळ घासायचं, चिंच आणि विटेची भुकटी लावून. मी तेलाच्या भोकाचं टोपण काढलं आणि घासायला घेऊन गेलो. भोक उघडं राहू नये म्हणून त्यात एक फडकं कोंबलं. माझ्या लक्षातच आलं नाही, की त्याच फडक्यानं मी आधी टाकीचं टोपण घासलं होतं. ते विटेच्या भुकटीनं भरलेलं होतं.

टोपण चकाकवून आणलं, फडकं ओढून काढलं, तेव्हा भोकाच्या काठावर लाल पूड दिसली. मी बोटानं पुसली. काठावर एवढी आहे म्हणजे आत किती गेली असेल, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. आत तेल असतं, शाफ्ट फिरताना ते तेल उडवत बेरिंगांना पाजतो. त्यात विटेची भुकटी म्हणजे गोळ्यांना वाळू खाऊ घालणं. करायचं एवढंच होतं. खालचा बोल्ट सोडून तेल ओतून टाकायचं, आत रॉकेल घालून धुवायचं, नवं तेल भरायचं. अर्ध्या तासाचं काम.

पण आई ताट घेऊन दारात आली होती. वडिलांनी नारळ हातात घेतला होता. हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ पडली. आणि आमच्यात पुजलेल्या यंत्राचा बोल्ट त्या दिवशी सोडत नाहीत. हत्यारांची विश्रांती असते. मी स्वतःला सांगितलं, उद्या करू. दुसऱ्या दिवशी दसरा, शिवेवर जायचं, सोनं वाटायचं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं मी बेळगावला गेलो. वडिलांना सांगितलं नाही. त्यांनी नवी बेरिंगं घातली होती, त्यांच्या कौतुकाच्या इंजिनात मी वीट घातली, हे सांगायला तोंड उघडलं नाही.

दिवाळीला घरी आलो तेव्हा इंजिन जॅम झालेलं होतं. आधी किंचाळायला लागलं, म्हणाले, आणि मग शेतात पाणी चालू असताना एकदम अडकलं. आणि वडिलांनी गावातल्या पिठाच्या गिरणीपुढं, दळणाला आलेल्या माणसांसमोर मेस्त्रींना सुनावलं होतं, की नवं म्हणून सांगितलंस आणि जुनंच बेरिंग पुसून घातलंस.

मी घरी होतो तेव्हा मेस्त्री एकदा आले. अंगणात उभे राहिले. म्हणाले, "अण्णा, एकदा उघडून बघू द्या. तुमच्या डोळ्यांदेखत उघडतो."

वडील म्हणाले, "माझ्या इंजिनाला हात लावायचा न्हाय."

"अवो, आत काय झालंय ते कळंल तरी."

"मला कळलंय."

मी सोप्यात बसलो होतो. मेस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. आयटीआयला शिकणारा पोरगा, हा तरी बापाला सांगेल, असं त्यांना वाटलं असणार. मी पुस्तक उघडून खाली बघत राहिलो. ते गेले.

पुढच्या वर्षी वडिलांनी विजेची मोटर बसवली. इंजिनावर पोतं टाकून ते खोपीत ढकललं. मेस्त्रींना त्या पाच-सहा गावांतून बोलावणं यायचं बंद झालं. ते निपाणी सोडून गेले एवढंच कानावर आलं. वडील वारले तोपर्यंत आमच्या घरात त्यांचा विषय कधी निघाला नाही.

सहा-सात वर्षांपूर्वी बायकोबरोबर बेळगावातल्याच वडगावला साडी घ्यायला गेलो होतो. विणकराच्या घरीच साड्या दाखवतात. तिथं मागच्या खोलीत पॉवरलूम चालू होते आणि एक म्हातारा वाकून मागाचा पट्टा बसवत होता. पाठीवरूनच मेस्त्रींना ओळखलं. ते वळायच्या आत मी बाहेर आलो आणि रस्त्यावर पाठ करून उभा राहिलो. बायको नंतर म्हणाली, "पसंत करायला आणलं आणि स्वतःच पळाला." मी म्हणालो, आवाज सहन होत नाही. फाउंड्रीत उभं आयुष्य काढलेला माणूस.

गावातली खोप पाडायची ठरली तेव्हा इंजिन भंगारात जाणार होतं. मी ते टेम्पोतून बेळगावला आणलं. तेव्हा मनाशी असं ठरवलं, की हे दुरुस्त करायचं, सुरू करायचं, आणि मग मेस्त्रींकडं जाऊन सगळं सांगायचं. चालू इंजिन घेऊन जायचं. नुसते शब्द घेऊन जायला मला लाज वाटत होती.

उघडलं तेव्हा तेलाचं डांबर झालेलं होतं. तळाशी तांबूस थर. मी स्वतःला म्हणालो, गंज आहे. तीस वर्षं पडून होतं, गंजणारच. पण वाळू भिंगाखाली बघणं हे माझं रोजचं काम. थोडा थर पेट्रोलमध्ये धुऊन कागदावर वाळवला आणि भिंग लावलं. गंजाच्या पापड्या असतात. हे कण होते, कोनाकोनाचे, विटेच्या रंगाचे. बोटांत चोळले की करकरायचे. बेरिंगच्या गोळ्या खरवडून निघाल्या होत्या, त्यांना धरून ठेवणारा पिंजरा तुटून तुकडे झाले होते. आणि कडीच्या तोंडावर कोरलेली अक्षरं मात्र कालची असावीत इतकी धारदार. नवंच होतं बेरिंग. मला ते नव्यानं कळायची गरज नव्हती.

तिथून पुढं दीड वर्ष त्या इंजिनानं मला छळलं. पहिलं बेरिंग मी घालवलं ते सांगितलंच. दुसरं आणवलं, ते नीट तापवून बसवलं. मग बाजूचं झाकण लावून बोल्ट आवळले की शाफ्ट फिरेनासा व्हायचा. झाकणाखाली कागदाचं पॅकिंग वाढवलं, तर फिरायला लागला, पण तेल गळायला लागलं. पॅकिंग कमी केलं, पुन्हा अडकला. कागद कापून कापून पडवीत ढीग झाला. एकदा सगळं जुळलं, दोरी ओढली, इंजिन दोनदा फुरफुरलं आणि गप्प. कार्ब्युरेटर साफ केला. पुन्हा दोरी. खांदा धरला. एका सकाळी सुरू झालं, मिनिटभर चाललं, आणि मी आनंदानं ओरडणार तोच पोटातून घरघर ऐकू आली. उघडून बघतो तर बाहेरची कडी तिच्या घरात फिरत होती. तीस वर्षांपूर्वी बेरिंग अडकलं, तेव्हा त्या कडीनं आपलं घर खरवडून मोठं केलं होतं. आता कुठलंही नवं बेरिंग त्यात सैलच बसणार. मी नुसता बसून राहिलो. तेलाचं भांडं लाथेनं उडवलं, ते बायकोनं नुकत्याच पुसलेल्या फरशीवर सांडलं.

ती फडकं घेऊन आली आणि पुसता पुसता म्हणाली, "कुणाला दाखवायचंय हे एवढं?"

त्या दिवशी मी तिला सांगितलं. खंडेनवमीपासून साडीच्या दिवसापर्यंत सगळं. ती फरशी पुसायची थांबली. मला वाटलं, म्हणेल, जाऊ द्या, लहान होता. ती म्हणाली, "म्हणजे हे सुरू झालं की तुम्ही जाणार."

"होय."

"आणि हे सुरू होत नाही."

"नाही ना होत!"

"मग बरंच आहे की तुम्हाला," ती म्हणाली आणि तेलकट फडकं बादलीत पिळलं. थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला. "त्यांचं वय काय असेल आता?"

मी हिशेब केला. सत्तरीच्या वर.

पुढच्या रविवारी मी वडगावला गेलो. सोबत फक्त ते जुनं बेरिंग घेतलं, रुमालात बांधून. साडीवाल्या विणकराकडं विचारून घर शोधलं. मेस्त्री आता कामाला जात नव्हते. दोन खोल्यांचं घर, आणि भिंतीपलीकडं शेजाऱ्याचे चार माग चालू. त्या खडखडाटात बोलणं म्हणजे ओरडणं. मी वाकून नमस्कार केला, कुठला कोण ते सांगितलं. त्यांनी डोळ्यांवर हात धरून मला न्याहाळलं.

"अण्णांचा पोरगा व्हय तू? बस की."

त्यांच्या सुनेनं चहा आणला. मी कपाला हात लावला नाही. म्हणालो, "मामा, त्या वेळी बेरिंग तुमच्यामुळं गेलं नाही. मी विटेची भुकटी आत घातली होती."

"काय?" त्यांनी कानामागं हात धरला. मागांनी त्यांचे कान जड केले होते.

मी पुन्हा सांगितलं.

"भुकटी? कशाची?"

तिसऱ्यांदा मी ओरडलो. "विटेची! इंजिनात! माझ्या हातनं गेली! तुमची चूक नव्हती!" दारातून सून बघायला लागली. पलीकडच्या गल्लीतल्या दोन बायकाही थांबल्या. दीड वर्ष जे वाक्य मी मनात हळू आवाजात घोळवलं होतं, ते असं भाजी विकल्यासारखं सांगावं लागलं.

मेस्त्रींनी हात पुढं केला. मी रुमाल सोडून बेरिंग दिलं. त्यांनी चष्मा लावला, दारातल्या उजेडाकडं धरलं, आणि अक्षरांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. एकदा, मग परत एकदा.

"माझंच हाय," ते म्हणाले. "मीच आणलेलं, खडेबाजारातनं." मग मोडक्या पिंजऱ्याकडं बघून म्हणाले, "त्या दिवशी ष्टो विझला हुता. रॉकेल संपलं. तेल पुरतं तापलं न्हाय. आभाळ आलं हुतं, म्हणून शेवटाला मी चार टोले दिले. आतल्या कडीवरच दिले. पर मला आजवर वाटत आलं, की एखादा टोला वाकडा पडला आसंल. अण्णा म्हणत हुते तसं न्हाय, पर माझ्याच हातानं गेलं आसंल."

मी रिकाम्या रुमालाची घडी घालत राहिलो.

"लोकांनी बोलवायचं बंद केलं, त्याचं एवढं न्हाय," ते म्हणाले. "पर नंतर कुठलं बी बेरिंग हातात घेतलं की हात मागं यायचा. इंजिनाचं काम मी आपण होऊन सोडलं. इथं येऊन जॉबर झालो, माग दुरुस्त करणारा. मागाचं काय, पट्टा न् खिळा."

"मला माफ करा, मामा."

त्यांचा आवाज चढला. मागांमुळं नव्हे. "आता सांगाय आलास व्हय? तवा सोप्यात बसला हुतास. मी बघितलं तुझ्याकडं. आठवतंय का?"

"आठवतंय."

"एक शब्द! एक शब्द बोलला असतास तर!" त्यांनी बेरिंग चटईवर ठेवलं. सून पुढं आली, "मामंजी, असू द्या." त्यांनी तिला हातानं मागं सारलं.

मी मूर्खासारखं इंजिनाबद्दल बोलायला लागलो. घर सैल झालंय, कडी फिरते, काय करू.

"आतनं बुशचं कडं मारून घे, न्हायतर भंगारात दे," ते म्हणाले. "मला त्या इंजिनाचं काय करायचंय? मला सांग, अण्णा कुठं बोलले हुते?"

"गिरणीपुढं."

"मग माझ्या कानात वरडून काय उपेग? मला तर म्हाईत हुतं, बेरिंग नवं हुतं. जिथं बोललं गेलं तिथं जाऊन सांग."

"गिरणी आता नाही, मामा. ती माणसंही बरीचशी..."

"ऱ्हायली असतील त्यास्नी सांग." त्यांनी चहाचा कप माझ्याकडं सरकवला. "पी. गार झाला."

मी तो गार चहा प्यालो. निघताना त्यांचा फोन नंबर मागितला. त्यांनी सुनेकडं बोट दाखवलं.

लगेच गेलो असं म्हणायला मला आवडलं असतं. तीन आठवडे काढले. आधी फाउंड्रीत ऑडिट होतं, मग पाऊस होता, मग बायको म्हणाली, "आता कुठलं इंजिन सुरू व्हायचं राहिलंय?" तेव्हा गेलो.

गावात आता माणसं सकाळी दूध डेअरीच्या कट्ट्यावर भेटतात. किटल्या घेऊन येतात, माप होईपर्यंत बसतात. मी लवकर पोचलो. दहा-बारा जण होते, निम्मे माझ्याहून लहान. वडिलांचे चुलतभाऊ, आमचे आप्पा, ऐंशीच्या घरातले, काठी टेकून कडेला बसले होते. त्या दिवशी गिरणीपुढं जे होते त्यांतले तेच काय ते उरले होते, आणि ते वडिलांच्या बाजूनं बोलले होते हेही मला माहीत होतं.

मी उभा राहून सांगितलं. मेस्त्रींनी बेरिंग नवंच घातलं होतं, ते माझ्यामुळं गेलं, आणि मी गप्प बसलो. ऐकू येईल असं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

मग एक जण म्हणाला, "कुठला मेस्त्री?"

दुसरा हसला. "मला वाटलं ह्यो जमिनीच्या वाटणीचं काढतोय."

"इंजिन कुठं असतंय आता? फोनवर मोटर चालू करतोय मी घरातनं," तिसरा म्हणाला आणि खरंच फोन काढून दाखवायला लागला. मला वाटलं, झालं. हे असंच होणार होतं. ज्यांना सांगायचं ते मेले, आणि जे आहेत त्यांना काही फरक पडत नाही. मी पुन्हा सांगायला लागलो, आवाज चढवून, तर आप्पांनी काठी आपटली.

"ऐकलं की सगळ्यांनी. बस आता."

मी त्यांच्या शेजारी बसलो. ते बराच वेळ माझ्याकडं न बघता बोलले. "माझं इंजिन त्या वक्ताला त्याच्याकडंच हुतं. उघडून ठेवलेलं. तुझा बा बोलला, आन् मी दुसऱ्या दिवशी बैलगाडी घेऊन गेलो. आहे तसं मोकळं इंजिन गाडीत घालून आणलं. तो म्हणत हुता, दोन दिवस थांबा. मी थांबलो न्हाय." मग म्हणाले, "जित्ता हाय का त्यो?"

"आहे."

"फोन लाव."

सुनेनं उचलला, मग मेस्त्रींच्या हातात दिला. मी आप्पांना फोन दिला. आप्पांनी तो कानाला नीट लावला आणि ओरडले, "मेस्त्री? मी बोलतोय, अण्णाचा चुलतभाऊ. व्हय, व्हय, हाय अजून, मेलो न्हाय. ऐका. ह्यो पोरगा आलाय. सगळ्यांफुडं सांगितलं त्यानं. डेअरीत. व्हय. दहा-बारा माणसं हुती." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "माझं बी चुकलं. इंजिन न्यायला नगं हुतं मी."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. मला फक्त मागांची खडखड ऐकू येत होती. आप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "न्हाय बा," ते म्हणाले, "ते न्हाय आता आठवत. बघतो. इचारतो घरात." मग फोन माझ्याकडं परत केला. तो बंद झालेला होता.

"काय म्हणाले?"

"म्हणतोय, तुमच्या इंजिनाचा पिस्टन मी कापडात गुंडाळून गाडीत वेगळा ठेवलेला. त्याला नव्या रिंगा घातलेल्या. त्या कुणी बसवल्या मागनं, उलट्या तर न्हाईत ना बसवल्या?"

"आणि माझ्याबद्दल?"

आप्पांनी मान हलवली. "तुझा इषय काढला न्हाय त्यानं."

माणसं किटल्या उचलून आपापल्या घरी निघाली होती. मीही उठलो. आप्पा मात्र काठीवर हनुवटी टेकून तिथंच बसून राहिले, आणि मधूनमधून स्वतःशीच पुटपुटत राहिले, संकेश्वरचा कोण होता तो, की चिकोडीचा, ज्यानं ते इंजिन नंतर जोडलं.